सीटखालचा फराळ

दिवाळी अंकाचे दिवस आले की, ह्या सदरात यंदा फराळाविषयी काही असावे, अशी संपादकांची प्रेमळ सूचना हटकून येते. यंदाही आली. तेव्हा मी फराळाविषयीच लिहिणार आहे. मात्र तो ताटातला नव्हे, मोटारीच्या सीटखालचा. चकलीचे तुकडे, चिवड्यातले खोबऱ्याचे काप, शंकरपाळ्यांचा चुरा आणि लाडवातून निसटलेला एखादा बेदाणा ह्यांचे जे संमेलन दिवाळीत गाडीच्या तळाशी भरते, त्याला मुंग्या आणि उंदीर बोलावणे नसताना हजर राहतात. ज्यांच्या दारात गाडी आणि घरात दहा वर्षांखालची मुले आहेत, त्यांना ह्याहून अधिक प्रस्तावना नको.

माझे सासर दौंडचे, माहेर शिरूरचे आणि आमचे बिऱ्हाड पुण्यात. नकाशावर ह्या तीन गावांचा चांगला ठसठशीत त्रिकोण होतो, आणि दिवाळीत तो आम्ही गाडीने पुरा करतो. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस करीत दौंड; लक्ष्मीपूजन आणि पाडवा तिथे. भाऊबीजेला सकाळी पुन्हा चौफुल्यापर्यंत मागे यायचे, पारगावापाशी भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचे. मग रांजणगावच्या महागणपतीला हात जोडून नगर रस्त्याने घरी. सारा मिळून अडीचशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा प्रवास. पण मागच्या सीटवर नऊ वर्षांचे चिरंजीव आणि सहा वर्षांची कन्या, आणि वाटेच्या दोन टोकांना दोन आज्या. दोन्ही घरी मायेला तोटा नाही. आणि माया ही नेहमी तेलकट, चिकट किंवा भुसभुशीत असते, हे मुलांच्या आईला सांगायला नको!

गाडी आतून स्वच्छ ठेवण्याची ही विवंचना आपल्या घरांत तशी अलीकडची. ह्याच नगर रस्त्याने, आमच्या शिरूरवरून, १ जून १९४८ रोजी आपल्या एस. टी.ची पहिली गाडी अहमदनगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) पुण्याला आली. तेव्हापासून किती पिढ्यांतल्या मुलांनी त्या गाड्यांत शेंगांची टरफले टाकली असतील आणि आपापल्या गावी उतरून गेली असतील! मागे कोणी झाडले, ह्याची चौकशी आपण कधी केली नाही. स्वतःची गाडी आली आणि झाडणारेही आपणच झालो.

तरी पूर्वीच्या गाड्या गृहिणीच्या सोयीच्या होत्या. माझ्या काकांकडे ॲम्बॅसडर होती. २०१४ साली ती बनायची बंद झाली. तिच्या सीटना रेक्झिन आणि खाली रबराची चटई. ओल्या फडक्याचे दोन हात मारले की काम संपले. आताच्या बऱ्याचशा गाड्यांत सीटना कापड, खाली गालिचा आणि गालिच्याखाली आवाज अडविणारा जाड थर असतो. पेला सांडला तर वरचे वर पुसले जाते आणि उरलेले खाली मुरते. वरून कोरडी दिसणारी गाडी चार दिवसांनी आंबूस वास मारू लागते, ती ह्या थरामुळे.

आमच्या यजमानांनी गाडी घेतली तेव्हा सीटवरचे प्लॅस्टिक वर्षभर काढू दिले नव्हते. उन्हाळ्यात मुलांच्या मांड्या त्याला चिकटत आणि खाली घामाची ओल धरत असे. शेवटी ते आपोआपच फाटले. मग त्यांनी मागच्या काचेवर स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पाटी लावली : ‘गाडीत खाणे सक्त मना आहे.’ बँकेतल्या माणसाला पाटी लावली की काम झाल्यासारखे वाटते. थोरल्याने ती मोठ्याने वाचून दाखविली, धाकटीने ऐकली, आणि पुढे सहा महिने गाडी खरोखरच आरशासारखी राहिली.

गेल्या भाऊबीजेला दौंडहून निघताना धाकटीचा बेल्ट काही केल्या लागेना. पट्ट्याचे टोक बकलात अर्धे जाई आणि थांबे. तो ‘टक’ असा आवाज येईच ना. यजमानांनी विजेरी आणून पाहिले, तर बकलाच्या फटीत बेसनाचा लाडू! बोटाने ठासून, वरून सारवल्यासारखा सपाट केलेला. निघताना आजीने दारात तिच्या हातावर लाडू ठेवला होता. पुढे आरशात बाबांचे डोळे दिसत होते. मग बिचारीने जवळात जवळ जी फट दिसली तीत तो लपविला. हे आम्हाला त्या वेळी कळले नाही. शिरूरला पोचल्यावर माझ्या आईच्या कुशीत शिरून तिने सांगितले. “नंतर काढून खाणार होते मी,” हेही सांगितले.

माझी आई जावयाला कधी एक शब्द बोललेली नाही. पण लेकी बोले सुने लागे ही विद्या तिला उत्तम येते. ती नातीला म्हणाली, “अगं, पुढच्या वेळी लाडू माझ्यापाशी दे. मी बसते तुमच्या गाडीत खात. मला कोण रागावतं ते बघूच!” यजमान ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते. वर्तमानपत्राचे पान बराच वेळ उलटले नाही. पुण्याला परतल्यावर पाटी दिसेनाशी झाली. कोणी काढली ह्याची आमच्या घरात वाच्यता झाली नाही.

ह्या लाडवाने मला एक गोष्ट पटवून दिली. आपण गाडीतल्या घाणीकडे पाहतो ते पाहुण्याच्या नजरेने : सीटवर डाग आहे का, वास येतो का, शेजारी काय म्हणतील. वास्तविक सीटवरच्या डागाने कोणाचे काही बिघडत नाही. पण बकलात गेलेल्या बोटभर लाडवाने मुलाचा जीव टांगणीला लागतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली, तिच्यात चौदा वर्षांखालील मुलाला बेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधल्याशिवाय गाडी चालविणाराला एक हजार रुपये दंड सांगितला आहे. दंडाचे सोडा, पण नुसता छातीवरून ओढून घेतलेला, बकलात न बसलेला पट्टा म्हणजे गळ्यातला शेला. अचानक ब्रेक लागला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणून दर प्रवासाआधी मी मागचे सगळे बेल्ट लावून, ओढून आणि सोडून पाहते. अर्धे मिनिटही लागत नाही. बकलात काही गेले असेल तर उलटे धरून झटकावे, व्हॅक्युम क्लीनरच्या अरुंद तोंडाने ओढून घ्यावे. टाचणीने कोरू नये. तेल किंवा पाणी तर मुळीच सोडू नये. एवढ्याने ‘टक’ होत नसेल तर कारागिराकडून बकल बदलून घ्यावे आणि तोवर त्या जागी कोणालाही बसवू नये. आम्ही त्या दिवशी धाकटीला दुसऱ्या खिडकीशी घेतले, थोरला मध्ये आला आणि ती जागा पुण्यापर्यंत रिकामी आणली. पट्टा मळला असेल तर साध्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसावा, पुरता बाहेर ओढून सावलीत वाळू द्यावा आणि मगच आत जाऊ द्यावा. कपड्यांचे डाग घालविणारी जालीम पावडर त्याला लावू नये. पट्टा पांढराशुभ्र होईल, पण त्याचे धागे कमजोर होतील.

अशीच दुसरी जागा चालकाच्या पायापाशी. तिथे कचऱ्याचा कणही असू नये, असे माझे मत. आणि कण म्हणजे केवळ चुरा नव्हे. मुलांची पाण्याची स्टीलची बाटली, चेंडू, रांजणगावचा प्रसादाचा नारळ ह्या गोल वस्तूंना मागच्या सीटखालून पुढे घरंगळत यायची फार हौस. नारळ ब्रेकच्या पट्टीखाली अडकला तर पुढचा अनर्थ सांगायला नको. प्रसाद डिकीत, बाटली दाराच्या कप्प्यात, चेंडू पिशवीत. चिखल होऊ नये म्हणून चालकाच्या चटईवर आणखी एक गोणपाट टाकणारी माणसे मी पाहिली आहेत. तेही करू नये. वरची चटई सरकते आणि पायाखालच्या पट्ट्यांत गोळा होते.

जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका आईने मुलांना घेऊन केला, आणि तोही माहेरी जाण्यासाठी, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतल्या बर्था बेंझ ह्या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्याने बनविलेली तीनचाकी मोटार बाहेर काढली आणि दोन मुलग्यांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला त्या आपल्या आईकडे गेल्या. अंतर शंभराहून थोडे अधिक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. त्या गाडीला ना छप्पर ना दारे. त्यामुळे मुलांनी काय सांडले असेल ते वाऱ्यानेच झाडून नेले असेल. भाग्याच्या बाई!

आमच्या वाट्याला बंद गाडी आणि दौंडची काकवी. दौंड तालुका उसाचा, गुऱ्हाळे गावोगाव. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांनी माझ्या भावासाठी गुऱ्हाळावरची ताजी काकवी बाटलीत भरून दिली. न्हावऱ्याच्या अलीकडे एका गतिरोधकाने बाटलीचे बूच उडविले आणि काकवीने संथपणे, आपला थाट न सोडता, मागचा सगळा गालिचा व्यापला. शिरूरला पोचेपर्यंत धाकटीचे बूट जमिनीला चिकटून बसले होते. भावाने गमतीने विचारले, “ताई, ओवाळणी पायपुसण्यातून आणलीस का?”

चिकटण निघाली ती माझ्या वहिनीच्या हातून. गूळ काय, काकवी काय, शेवटी साखरच. आणि साखरेला साबण लागत नाही, कोमट पाणी लागते. आधी उलथन्याने जेवढे निघेल तेवढे खरवडून घ्यायचे. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेला जाड टॉवेल वर पसरून अर्धा तास तसाच ठेवायचा. तो उचलला की निम्मी काकवी त्याच्याबरोबर येते. टॉवेल धुवायचा, पुन्हा पसरायचा. आमचे पाच टॉवेल झाले. चोळायचे मात्र नाही. चोळले की ती खालच्या थरात जाते आणि मग पावसाळ्यात हवेतली ओल ओढून पुन्हा वर येते. दुसऱ्या दिवशी पहाटे मुंग्यांची एक रांग आलीच. यजमान मुंग्या मारायचा फवारा घेऊन निघाले होते, त्यांना मी थांबविले. ज्या बंद जागेत मुले दोन-दोन तास श्वास घेतात तिथे विषारी फवारा कशाला? गोड उरले होते ती जागा मुंग्यांनीच दाखविली. तिथे सहावा टॉवेल ठेवला आणि रांग परत गेली.

दूध आणि उलटी ह्यांचा न्याय उलटा. इथे गरम पाणी आणायचे नाही. गरम पाण्याने दुधातला चोथा गोठतो आणि धाग्यांना धरून बसतो. साधे गार पाणी घ्यावे, टिपून घ्यावे, ओलसर जागेवर खाण्याचा सोडा जाड पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. आणि चटई उचलून खालचा थर हाताने चाचपून पाहावा, हे सर्वांत महत्त्वाचे. वास राहिला तर मुलांना पुढच्या वेळी त्याच वासाने मळमळते, आणि मग चक्र काही थांबत नाही.

उलटी होऊच नये हे अधिक बरे. गाडीत बसल्याबसल्या मुलाच्या हाती मोबाइल दिला की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतो आहोत, आणि ह्या भांडणात पोट सापडते. हडपसरला किंवा वाघोलीला गाडी इंच-इंच सरकत असेल तर विचारूच नका. मुलाला समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि निघण्याआधी पेलाभर दूध पाजण्याचा आजीचा आग्रह गोडीने मोडावा. एवढ्यावर आमचे निभावते. शिवाय झाकणाचा एक रिकामा डबा, आत वर्तमानपत्राची घडी, असा सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवलेला असतो. २०१८ पासून राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आहे, आणि तशाही त्या ऐन वेळी फुटतच!

धुतलेली गाडी दारे उघडी टाकून उन्हात ठेवतात, तेव्हा एक पथ्य सांगते आणि ते हसण्यावारी नेऊ नका. उघडी गाडी म्हणजे मुलांना आयते घर. आत शिरून खेळता-खेळता दार लागले आणि उघडता आले नाही, तर उन्हातली बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. मुले अशी दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. गाडी वाळत असेतोवर मोठे कोणीतरी तिच्यापाशी बसावे, आणि नंतर कुलूप लावून किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. शिरूरला हे काम आईने आपणहून घेतले आहे. ती गाडीपाशी खाट टाकून शेंगा सोलीत बसते.

बाकीच्या डागांचे मी मनाला फारसे लावून घेत नाही. अभ्यंगाच्या तेलाचे डोके टेकून सीटला पडलेला डाग टाल्कम पावडरीने निम्मा निघतो, उरलेला राहतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होऊन बसतो, हे आपण साड्यांवरून शिकलेल्याच आहोत. त्याला ऊनच औषध. काचेवर धाकटीने बोटाने काढलेला आकाशकंदील मी तुळशीच्या लग्नापर्यंत पुसत नाही. सीटवर शिवून घेतलेली कव्हरे घालणाऱ्यांना एवढेच सांगते की, सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर कव्हर त्या बाजूला मोकळे हवे; नाहीतर ती फुगायच्या वेळी कापडातच अडकायची.

खाण्याचे म्हणाल, तर आता पाटीच्या जागी तह झाला आहे. फराळ थांबून खायचा, चौफुल्याला गाडीबाहेर उभे राहून. चालत्या गाडीत फक्त बी काढलेला खजूर किंवा पोळीची सुरळी, तीही साखरेविना. फुटाणे-शेंगदाणे मी लहान मुलांना चालत्या गाडीत देत नाही. चुऱ्यापेक्षा ते घशात जाण्याची भीती मोठी. आणि ज्याच्या हातून सांडेल त्याने ताबडतोब सांगायचे. सांगितले तर रागावायचे नाही, हे कलम यजमानांनी स्वतः घातले. परवा यवतजवळ मागून आवाज आला, “बाबा, माझ्या हातून खजूर पडला.” यजमानांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली, पण ते म्हणाले, “बरं. थांबलो की उचलू.”

रात्री गाडी लावताना मात्र सीटखालून हात फिरवायचा, मग कितीही दमलेले असा. शंकरपाळ्याच्या वासाने आलेला उंदीर शंकरपाळे संपल्यावर परत जात नाही. तो बॉनेटखाली शिरून तारा कुरतडतो, आणि त्या शंकरपाळ्याचे बिल हजारांत येते. आमच्या सोसायटीत दोघांनी ते भरले आहे. सीटच्या सांध्यांतला चुरा काढायला यजमानांचा जुना दाढीचा ब्रश फार कामाचा. दुकानात मिळणारी महागडी हत्यारे मी अजून घेतलेली नाहीत.

राहता राहिली माती. थोरल्याला किल्ल्यासाठी घोडनदीच्या काठची मातीच लागते. सोसायटीच्या बागेतल्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, असे त्याचे ठाम मत. किल्ला दिवाळीआधी करायचा आणि माती मिळणार भाऊबीजेला, म्हणून ती तो पुढच्या वर्षासाठी आणतो. दरवर्षी एक गोणी. वाटेत थोडी सांडतेच, आणि ओली काळी माती पुसू गेले की गालिच्यात रुतते. ती तशीच ठेवावी, दोन दिवसांत वाळून तिचे पापुद्रे होतात, मग कुंच्याने झाडावी. यंदा मी गोणीखाली घमेले ठेवणार आहे. गोणी नको, असे यजमानांनी सुचवून पाहिले होते. त्यावर शिरूरहून फोन आला की, दोन गोण्या भरून ठेवल्या आहेत.